पहिला गेमिंग संगणक : सुट्या भागांची निवड आणि तिचा क्रम

वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या देशांत तयार केलेले सुटे भाग विकत आणून त्यांपासून घरच्या टेबलावर एक चालता संगणक उभा करता येतो, याचे श्रेय त्या भागांची मोजमापे आणि जोडण्या ठरवून देणाऱ्या सार्वत्रिक प्रमाणकांना जाते. आयबीएमने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना बरीचशी खुली होती आणि तिच्यातून सुट्या भागांचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे प्रमाणक मांडले आणि सर्व भाग ज्यावर जोडले जातात त्या मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या भोकांच्या जागा व वीज पुरवणाऱ्या जोडणीची ठेवण निश्चित करून दिली. आज मिळणारे बहुतेक मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीज पुरवणारे एसएमपीएस याच प्रमाणकाला किंवा त्याच्या लहान रूपांना धरून बनतात. त्यामुळे जुळणीचे प्रत्यक्ष काम, म्हणजे भाग खाचेत बसवणे, स्क्रू आवळणे आणि तारा जोडणे, नवशिक्यालाही एका दिवसात जमण्यासारखे असते. खरी कसोटी लागते ती त्याआधीच्या निवडीत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेत असो वा ऑनलाइन दुकानात, पहिल्यांदा संगणक जुळवू पाहणारा ग्राहक बहुधा प्रोसेसरचे नाव मनाशी ठरवून येतो, त्याच्या जोडीचा मदरबोर्ड घेतो आणि ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस व मॉनिटर यांचे उरलेल्या पैशांत भागवतो. गेमिंगच्या संगणकासाठी हा क्रम उलटा पडतो. कोणते खेळ, कोणत्या पडद्यावर आणि किती सफाईने खेळायचे हे आधी ठरले, की त्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरते, कार्डावरून प्रोसेसरची आवश्यक ताकद ठरते, प्रोसेसरवरून मदरबोर्ड व मेमरी ठरते आणि या सर्वांची विजेची व हवेची गरज लक्षात घेऊन एसएमपीएस व कॅबिनेट ठरते. हा क्रम पाळला तर मर्यादित रकमेतही समतोल संगणक उभा राहतो आणि क्रम मोडला तर महागडा भागही आपली पूर्ण क्षमता दाखवू शकत नाही.

पडदा आणि खेळ

मॉनिटरवरचे चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते आणि या बिंदूंची आडवी व उभी संख्या म्हणजे त्या पडद्याचे रिझोल्यूशन होय. १९२० × १०८० च्या ‘फुल एचडी’ पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, तर ३८४० × २१६० च्या ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. खेळ चालू असताना या प्रत्येक बिंदूचा रंग पुन्हा पुन्हा नव्याने काढावा लागतो; अशा एका पूर्ण चित्राला फ्रेम म्हणतात आणि एका सेकंदात किती फ्रेम तयार होतात यावर खेळाची सफाई अवलंबून असते. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, ते हर्ट्झमध्ये सांगितले जाते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करण्यासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १४४ हव्या असतील तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी.

खेळांच्या मागण्याही सारख्या नसतात. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारख्या स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत दृश्ये तुलनेने साधी असतात, परंतु खेळाडूला सेकंदाला शंभराहून कितीतरी अधिक फ्रेम हव्या असतात आणि त्यासाठी प्रोसेसर चपळ लागतो. उलट ‘सायबरपंक २०७७’ सारख्या खेळात प्रकाश, सावल्या आणि प्रतिबिंबे यांचे चित्रण इतके तपशीलवार असते, की मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर येतो आणि सेकंदाला ६० स्थिर फ्रेमही समाधान देतात. म्हणून पहिला मॉनिटर निवडताना स्पर्धात्मक खेळांची आवड असणाऱ्याने फुल एचडी आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक गतीचा पडदा पाहावा, तर कथाप्रधान, दृश्यसमृद्ध खेळ आवडणाऱ्याने रक्कम परवडत असल्यास १४४० रेषांच्या, म्हणजे २५६० × १४४० च्या पडद्याचा विचार करावा. फोर-केसाठी लागणारे कार्ड इतके महाग असते, की पहिल्या जुळणीत त्याचा मोह टाळणेच हिताचे आहे. कार्ड देत असलेल्या फ्रेमच्या गतीशी आपली गती जुळवून घेण्याची सोय मॉनिटरमध्ये असावी. एएमडीच्या परिभाषेत तिला ‘फ्रीसिंक’ आणि एनव्हिडियाच्या परिभाषेत ‘जी-सिंक’ म्हणतात. या सोयीमुळे फ्रेमची संख्या खालीवर झाली तरी चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही.

ग्राफिक्स कार्ड

सर्वसाधारण प्रोसेसर थोड्या परंतु गुंतागुंतीच्या आज्ञा झपाट्याने पार पाडण्यासाठी घडवलेला असतो, तर ग्राफिक्स प्रोसेसर एकाच प्रकारचे सोपे गणित लाखो बिंदूंसाठी एकाच वेळी करण्यासाठी घडवलेला असतो. एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना ‘जीपीयू’ ही संज्ञा रूढ केली आणि तेव्हापासून खेळाची गुणवत्ता ठरवणारा सर्वांत मोठा घटक हाच राहिला आहे. त्यामुळे मॉनिटर सोडून उरणाऱ्या रकमेपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मा वाटा या एका भागासाठी ठेवणे योग्य ठरते.

कार्डाची निवड करताना नावातील आकड्यांइतकेच लक्ष त्याच्या स्वतःच्या मेमरीकडे, म्हणजे व्हीरॅमकडे द्यावे लागते. खेळातील भिंती, वस्त्रे, झाडे यांच्या पृष्ठभागांची चित्रे या मेमरीत साठवली जातात. ती पुरली नाही तर तीच माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून वारंवार आणावी लागते आणि सरासरी वेग चांगला दिसत असूनही खेळ मधूनमधून अडखळतो. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ४०६०’ मध्ये ८ जीबी, इंटेलच्या ‘आर्क बी५८०’ मध्ये १२ जीबी, तर एएमडीच्या ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ मध्ये ८ किंवा १६ जीबी मेमरी असते. फुल एचडीवर स्पर्धात्मक खेळांसाठी ८ जीबी पुरते. परंतु १४४० रेषांवर नवे, जड खेळ काही वर्षे खेळायचे असतील तर १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घेणे शहाणपणाचे आहे. एकाच नावाखाली वेगळ्या क्षमतेची कार्डे विकली जातात, याचीही जाणीव हवी. ‘आरटीएक्स ३०६०’ ची १२ जीबीची आवृत्ती आणि नंतर आलेली ८ जीबीची आवृत्ती यांत मेमरीपर्यंत जाणारा मार्गही अनुक्रमे १९२ आणि १२८ बिटांचा आहे, त्यामुळे दुसरी आवृत्ती प्रत्यक्षात मंद ठरते. बिलावर आणि खोक्यावर मेमरीचा आकडा तपासल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

अलीकडच्या कार्डांत आणखी दोन तंत्रे असतात. प्रकाशकिरणांचा खरा मार्ग गणिताने शोधून सावल्या व प्रतिबिंबे काढण्याच्या तंत्राला ‘रे ट्रेसिंग’ म्हणतात. २०१८ मध्ये आलेल्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याला घरगुती कार्डांत स्वतंत्र यंत्रणा मिळाली, मात्र त्याची किंमत फ्रेमच्या घटत्या संख्येने मोजावी लागते. दुसरे तंत्र चित्र कमी रिझोल्यूशनवर तयार करून ते गणिताने मोठे व रेखीव करण्याचे आहे आणि एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’, एएमडीचे ‘एफएसआर’ व इंटेलचे ‘एक्सईएसएस’ ही त्याची तीन रूपे होत. हे तंत्र मध्यम कार्डाचे आयुष्य खरोखर वाढवते. जुन्या कार्डांच्या बाजारात मात्र सावधगिरी हवी, कारण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलून ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे ‘मायनिंग’, म्हणजे गणिते सोडवून ते चलन मिळवणे, थांबले आणि महिनोन्‌महिने अहोरात्र राबवलेली कार्डे विक्रीस आली. असे कार्ड घ्यायचेच असेल तर ते समोर चालवून पाहावे आणि शिल्लक वॉरंटीचा पुरावा मागावा.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी

प्रत्येक फ्रेमपूर्वी खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली, वस्तूंची टक्कर यांचा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग चित्रणाची आज्ञा कार्डाकडे जाते. म्हणून प्रोसेसर सेकंदाला जितक्या आज्ञा देऊ शकतो त्याहून अधिक फ्रेम कितीही महागडे कार्ड देऊ शकत नाही, आणि दुबळ्या कार्डाला भारी प्रोसेसर लावून चित्रणाचा वेगही वाढत नाही. मध्यम कार्डासोबत सहा कोअरचा, म्हणजे सहा स्वतंत्र गणनकेंद्रे असलेला आधुनिक प्रोसेसर पुरेसा होतो. ‘रायझेन ५ ५६००’, ‘रायझेन ५ ७६००’ आणि ‘कोअर आय५-१२४००एफ’ ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. नावाच्या शेवटी येणारी अक्षरेही अर्थपूर्ण असतात. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराचा अर्थ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही असा होतो, म्हणजे कार्ड बिघडल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. ‘के’ म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. तर एएमडीच्या ‘एक्स३डी’ मध्ये जादा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी निकटची जलद मेमरी असते आणि खेळांत तिचा मोठा लाभ होतो.

प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि तिची निवड म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या वाढीची निवड असते. एएमडीचे ‘एएम४’ सॉकेट २०१७ पासूनच्या रायझेन प्रोसेसरांच्या अनेक पिढ्यांना पुरले. २०२२ मध्ये आलेल्या ‘एएम५’ला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे त्या कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलच्या ‘एलजीए १७००’ सॉकेटवर १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात, परंतु २०२४ मध्ये आलेल्या ‘कोअर अल्ट्रा २००’ मालिकेसाठी ‘एलजीए १८५१’ हे नवे सॉकेट लागते. सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले असेही नाही, कारण मदरबोर्डवरील बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम चालणारी मूलभूत प्रणाली, जुनी असेल तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. बायोस अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व २०२४ मध्ये पुन्हा अधोरेखित झाले. १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात हे इंटेलने मान्य केले आणि त्यावरची दुरुस्ती बायोसद्वारेच दिली. प्रोसेसर न बसवता केवळ पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असलेला मदरबोर्ड म्हणूनच उपयुक्त ठरतो. एरवी मदरबोर्डवर अवाजवी खर्च करण्याचे कारण नसते. ‘बी’ श्रेणीच्या चिपसेटचा, २४४ × २४४ मिलिमीटरच्या मायक्रो-एटीएक्स आकाराचा बोर्ड मध्यम संगणकाला पुरतो.

मेमरी मदरबोर्डाला अनुसरून डीडीआर४ किंवा डीडीआर५ घ्यावी लागते आणि दोहोंच्या पट्टीवरील खाचा वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या ठिकाणी बसत नाही. एएम४ वर फक्त डीडीआर४, एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, तर एलजीए १७०० वर दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन मार्ग खुले होतात. चार खाचा असलेल्या बोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसतात. रक्कम कमी असल्यास ८ जीबीच्या दोन पट्ट्यांवरही आजचे बहुतेक खेळ चालतात. पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही, तर बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ हा पर्याय सुरू करावा लागतो आणि ते राहून गेल्यास ६००० च्या वेगाची डीडीआर५ मेमरी बहुधा ४८०० वरच चालत राहते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. यास्तव जुन्या किमतींवर आधारलेली कोणतीही तयार यादी खरेदीच्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावी.

साठवणुकीबाबत निर्णय सोपा आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आज खेळांसाठी मंद ठरते. साटा तारेने जोडलेली, फिरते भाग नसलेली एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर मदरबोर्डवर थेट बसणारी चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी सुमारे ७००० एमबीपर्यंत माहिती वाचते. खेळ सुरू होण्याच्या वेळेत या दोहोंतला फरक आकड्यांइतका मोठा जाणवत नाही, मात्र हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला फरक निश्चित जाणवतो. ‘बाल्डर्स गेट ३’ सारखा एक खेळ १५० जीबी जागा आणि एसएसडी या दोन्हींची अपेक्षा करतो. तेव्हा १ टीबी हे पहिल्या संगणकासाठी वाजवी प्रमाण होय.

एसएमपीएस, यूपीएस आणि कॅबिनेट

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या आणि त्याहून कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर एसएमपीएस करतो. त्याच्यामुळे खेळाचा वेग वाढत नसल्याने काटकसरीचा पहिला घाव त्याच्यावरच पडतो आणि हीच सर्वांत महाग पडणारी काटकसर असते, कारण निकृष्ट एसएमपीएस बिघडताना प्रत्येक भागाला धोक्यात आणू शकतो. क्षमतेचा हिशेब कठीण नाही. ‘आरटीएक्स ४०६०’ ला ११५ वॉट, ‘रायझेन ५ ७६००’ ला पूर्ण भारावर सुमारे ८८ वॉट आणि बोर्ड, मेमरी, एसएसडी व पंखे यांना मिळून सुमारे ६० वॉट धरले तर बेरीज २६३ वॉट होते; क्षणिक उसळी आणि भावी बदल लक्षात घेता ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस यासाठी भरपूर होतो. त्यावरील ‘८० प्लस’ हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र विजेचा किती अंश वाया जात नाही एवढेच सांगते, संरक्षक यंत्रणेविषयी काही सांगत नाही. म्हणून प्रमाणपत्रासोबत वॉरंटीची वर्षे आणि तज्ज्ञांनी केलेल्या चाचण्या पाहाव्यात. सुट्या होणाऱ्या तारांचा एसएमपीएस घेतल्यास एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत, कारण त्या बाजूच्या जोडणीला एक प्रमाणक नाही आणि चुकीच्या तारेने भाग जळू शकतात.

जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएस आवश्यक ठरतो. परंतु त्याच्यावरील ‘व्हीए’ हा आकडा वॉट नव्हे. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातील संगणक व मॉनिटर त्याच्यावर पूर्ण भाराने चालवणे काठावरचे होते आणि १००० व्हीएचा यूपीएस निर्धोक ठरतो. घरातील अर्थिंग ठीक आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घेणे तितकेच महत्त्वाचे आहे.

कॅबिनेटचे मुख्य काम हवा खेळती ठेवणे हे आहे. पंखे संगणकाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत, ते केवळ आतली उष्णता बाहेर टाकतात. म्हणून उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या विदर्भातील खोलीत काचेने पुढून बंद केलेले, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट अयोग्य ठरते. तापमान मर्यादेला पोहोचले की प्रोसेसर व कार्ड स्वतःचा वेग आपोआप कमी करतात आणि मोजलेली किंमत वाया जाते. समोर जाळी, तिच्यामागे हवा आत घेणारे दोन पंखे, मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा आणि काढून धुता येणारी धूळगाळणी, एवढी रचना पुरेशी होते. कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत बसते का, हे मिलिमीटरमध्ये पडताळून पाहावे.

खरेदीपूर्वी आणि जुळणीनंतर

सर्व भागांची यादी पूर्ण झाल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. यादीत सॉकेट, मेमरीचा प्रकार, बोर्डचा आकार, कार्डाची लांबी, एसएमपीएसची वॉट-क्षमता आणि त्याच्या जोडण्या या सहा गोष्टी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रत्येक भागाचे जीएसटी बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि वॉरंटी भारतात लागू आहे का हे विचारून घ्यावे, कारण समांतर आयातीने आलेला भाग स्वस्त असला तरी बिघडल्यावर त्याची जबाबदारी घेणारे कोणी उरत नाही. कार्यप्रणालीचा खर्चही आधीच धरावा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, आणि लिनक्सवर आज असंख्य खेळ चालत असले तरी ‘व्हॅलोरंट’ सारखे काही खेळ त्यांच्या फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे तेथे चालत नाहीत.

जुळणी झाल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचा वेग ६० हर्ट्झवरून त्याच्या खऱ्या आकड्यावर न्यावा. या दोन गोष्टी राहून गेल्यास उत्तम कार्ड आणि उत्तम पडदा दोन्ही निष्फळ होतात. पहिल्याच खेपेस सर्वोत्तम संगणक जुळवण्याचा हट्ट धरू नये. चांगला एसएमपीएस, हवेशीर कॅबिनेट आणि पुढे वाढीस वाव देणारे सॉकेट यांवर पैसे आधी घालावेत आणि कार्ड आजच्या पडद्याला पुरेल एवढेच घ्यावे, कारण कार्ड काही वर्षांनी चार स्क्रू काढून बदलता येते, परंतु पाया कच्चा राहिला तर संपूर्ण संगणकच पुन्हा उभारावा लागतो.